वस्तादांचं अ‍ॅप

"पायताण काढ आधी," आबा म्हणाले, "मग बोल काय बोलायचंय ते."

तेजपाल तालमीच्या दारात उभा होता. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं घाईघाईनं बूट काढले, मोजेही काढले, आत येऊन कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. आबांनी ते पाहिलं. कट्ट्यावर थोडं सरकून त्यांनी त्याला बसायला जागा केली. माझ्या आबांनी कुणाला जागा करून दिली म्हणजे अर्धं काम झालं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

"वस्ताद, मी मालाबरोबर कॉलेजला होतो. तेजपाल मगदूम. आता पुण्यात असतो, अ‍ॅप करणाऱ्या कंपनीत."

"ठावं हाय. हिच्या तोंडात दुसरं नाव नसतंय."

मी तालमीच्या मागच्या दाराशी उभी होते. कुठं तोंड लपवू असं मला झालं. हौद्यात दंड काढणारी पोरं फिदीफिदी हसली, आणि आबांनी नुसतं वळून बघितल्यावर पुन्हा मातीकडं तोंड करून दंड काढायला लागली.

माझ्या वडिलांचं नाव ज्ञानदेव खोत, पण कृष्णाकाठच्या गावांमध्ये त्यांना सगळे नुसतं 'वस्ताद' म्हणत. तरुणपणी त्यांनी पुष्कळ मैदानं मारली. गुडघा गेल्यावर आमच्या माळेवडीची तालीम हातात घेतली आणि पुढचं सगळं आयुष्य पोरं घडवण्यात घातलं. मी शाळेत असतानाच आई गेली. मी वाढले ती तालमीच्याच वासात, तेलाच्या, घामाच्या आणि मातीत मिसळलेल्या ताकाच्या. पण आबांचं नाव होतं ते त्यांच्या डावांमुळं नव्हे, एका गोष्टीमुळं. नुरा कुस्ती, म्हणजे कोण जिंकणार हे आधीच ठरवून केलेली लढत, त्यांनी कधी केली नाही आणि कुणाला करू दिली नाही. एकदा भर मैदानात, कुस्ती जोडलेली असताना, नुसती कुजबूज कानावर आली म्हणून त्यांनी स्वतःच्या पठ्ठ्याला हाताला धरून हौद्याबाहेर काढला होता. लोक ती गोष्ट आपल्या नातवंडांना सांगत.

मी इंजिनियर होऊन इस्लामपुरातल्या एका संस्थेत शिकवायला लागले, तेव्हा हौसेनं एक वेबसाइट केली. 'मैदान' नाव ठेवलं. कुठल्या गावाची यात्रा कधी, तिथं कुस्त्यांचं मैदान आहे का, कुणाची जोड कुणाबरोबर लागलीय, निकाल काय लागला, सगळं त्यात. आणि रोज आबांच्या आवाजात एक डाव. घिस्सा कसा मारायचा, ढाक कधी लावायची, ते सांगताना आबा मध्येच एखाद्या पोरावर ओरडायचे, तेही मी तसंच ठेवत असे. लोकांना तेच जास्त आवडायचं.

पण वेबसाइट म्हटली की आमच्याकडच्या माणसांची अडचण व्हायची. कुणीतरी ग्रुपवर पत्ता पाठवायचा, तो शंभर सुप्रभातांखाली गाडला जायचा. नाव टाइप करायला गेलं की चुकायचं. ज्याला त्याला एकच विचारायचं असायचं, "वस्तादांचं अ‍ॅप न्हाई व्हय?" मी दोनदा स्टोअरवर अ‍ॅप चढवायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा परत आलं.

"मग अडलंय कुठं?" आबांनी तेजपालला विचारलं.

"स्टोअरवाले म्हणतात, ही नुसती वेबसाइट आहे, डब्यात घालून आणलेली. असली अ‍ॅपं आम्ही घेत नाही."

"खोटं काय हाय त्यात? डब्यातच घातलीया की."

"तसं खरंच आहे, वस्ताद. पण त्यात फोनचं स्वतःचं असं थोडं काही घातलं की घेतात. मैदानाच्या आदल्या दिवशी फोन आपणहून वाजला पाहिजे. नेटवर्क नसलं तरी तुमचे डाव ऐकू आले पाहिजेत. ते मी करतो. दुसरी अडचण खात्याची. स्टोअरवर खातं काढायला कंपनीची कागदपत्रं लागतात, तपासण्या असतात. मालाला ते जड जातंय. आमच्या कंपनीचं खातं जुनं आहे, त्यावरून चढवू. नाव तुमचं, फोटो तुमचा, वेबसाइट मालाच्याच हातात. आम्ही नुसता डबा करायचा."

आबांनी पेढ्यांचा पुडा सोडून पोरांना हाक मारली, एकेकाच्या हातावर एकेक पेढा ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे घर आमचं, दार तुमचं?"

तेजपाल हसला. "दार तुमच्यासाठीच उघडं राहील, वस्ताद."

"माझं एक म्हणणं हाय. कुस्तीवर पैज लावायची न्हाई. कसलीबी. माझ्या नावाखाली तर न्हाईच न्हाई."

"नाही लागणार. शब्द देतो."

"तू दे. तुझी कंपनी देतीया का?"

"मी बघतो ते," तेजपाल म्हणाला. त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. आज इतक्या वर्षांनी मला त्याचा तो चेहरा आठवतो, आणि त्यात खोट नव्हती हे मी कुठंही सांगेन.

अ‍ॅप स्टोअरवर लागलं त्या दिवशी तालमीत पोरांनी हलगी वाजवली. आमच्या गावच्या हलगीवाल्या संभूचीच हलगी तेजपालनं रेकॉर्ड करून अ‍ॅपमध्ये घातली होती. मैदानाच्या आदल्या दिवशी माणसाच्या खिशात ती कडाडायची. शाळेत वाजायची, बँकेत वाजायची, एका गावात तर म्हणे लग्न लागताना वाजली आणि अर्धी वऱ्हाडी मंडळी मुंडावळ्यांकडं बघायची सोडून फोनकडं बघायला लागली. चिन्हावर आबांचा फेटा बांधलेला फोटो होता. उन्हाळ्यात यात्रांचा हंगाम सुरू झाला तेव्हा ज्याच्या त्याच्या फोनात आबा होते.

तेजपाल दर पंधरवड्याला यायचा. अ‍ॅपचं निमित्त असायचं. एकदा आबांनीच विचारलं, "त्या डब्यात एवढं काय बिघडतंय रं सारखं?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग एका दमात सांगून टाकलं की त्याला माझ्याशी लग्न करायचंय. तो जैन, आम्ही मराठा. त्याच्या आईला मटण खाणारी सून कशी चालेल याची काळजी होती. आबांच्या भावकीत तर कुजबूज सुरूच झाली होती. चुलते तालमीत येऊन बसले तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "लंगोट लावून हौद्यात उतरलेल्याची जात मी कवा इचारली न्हाई. घरात येणाऱ्याची इचारू?"  सोनजे गावच्या भैरोबाच्या यात्रेनंतरच्या रविवारी साखरपुडा ठरला.

सोनज्याचं मैदान आमच्या भागातलं मोठं मैदान. त्या वर्षी शेवटच्या जोडीत आबांचा पठ्ठा बिरदेव होता. धनगराचं पोर, आईबापाबरोबर मेंढरामागं फिरणारं. आबांनी त्याला पोरसवदा असताना तालमीत आणला, घरात जेवू घातला, माझ्या पाठच्या भावासारखा वाढवला. त्या साली तो ऐन भरात होता. समोरचा पैलवान माणदेशातला, चांगला होता, पण बिरूपुढं टिकेल असं कुणाला वाटत नव्हतं.

मी नेहमीसारखी निवेदकाच्या मांडवाखाली बसले होते. पुरुषांच्या एवढ्या मोठ्या गर्दीत मी एकटीच बाई, पण वस्तादांची मुलगी म्हणून मला कुणी कधी काही बोलायचं नाही. मांडीवर लॅपटॉप, वेबसाइट उघडलेली, एकेक निकाल भरत होते. आबा हौद्याच्या कडेला, फेटा बांधून, हातात काठी घेऊन बसले होते. त्या दिवशी ते बोलत कमी होते. मला वाटलं, बिरूची काळजी असेल.

सलामी झाली. बिरूनं शड्डू ठोकला आणि मैदान उठून उभं राहिलं. थोडा वेळ दोघांनी एकमेकांना जोखलं. मग बिरू ढाक लावायला आत घुसला आणि मध्येच त्याचा उजवा हात लुळा पडल्यासारखा झाला. खांदा निखळला होता. ते मी बघितलं, आबांनी बघितलं, पंचांनी बघितलं असेल. पण लांब बसलेल्या गर्दीला दिसलं ते एवढंच की भरात आलेला पैलवान एकाएकी ढिला पडला आणि समोरच्यानं त्याला अलगद चितपट केला.

 मग कुठून तरी हाळी आली, "नुरा!"

मला राग आला, पण भीती वाटली नाही. हरल्यावर असं ओरडणारे असतातच, आणि माळेवडीच्या वस्तादांवर असलं बोलणाऱ्याला बाजूचे लोकच गप्प बसवतात. या वेळी कुणी गप्प बसवलं नाही. लोक फोन वर करून एकमेकांना दाखवत होते. एकजण तर कठड्यावर चढून फोन आबांच्या दिशेनं नाचवत ओरडला, "वस्ताद, तुमच्याच अ‍ॅपवर तुमचाच पठ्ठ्या पाडायला लावलाय व्हय? किती मिळालं?"

मी घाईघाईनं वेबसाइट बघितली. सगळं जिथल्या तिथं होतं. यात्रांची यादी, निकाल, आबांचा आवाज. काहीच बदललं नव्हतं. मग मी शेजारच्या निवेदकाचा फोन हातात घेतला, आबांच्या फोटोवर बोट ठेवलं, आणि माझी वेबसाइट उघडलीच नाही. दुसरंच काही उघडलं. पिवळी, चकाकणारी नाणी. 'आज कोण जिंकणार? आपली पैज लावा.' खाली बिरूचं नाव, त्या माणदेशी पैलवानाचं नाव, आणि दोघांवर किती लोकांनी लावलंय ते. वर आबा, फेटा बांधून, हसत.

मी अ‍ॅप कधी उघडतच नसे. मला गरजच नव्हती. मी घरातच बसलेली होते आणि दार कुणीतरी दुसऱ्या वाड्याला नेऊन बसवलं होतं. रात्रीतून सगळ्यांच्या फोनातलं अ‍ॅप आपोआप अपडेट झालं होतं.

आबा हौद्यात उतरले. निवेदकानं माइक पुढं केला. आबांनी तो तोंडापाशी धरला, ओठ हलले, पण शिट्ट्या आणि आरोळ्या इतक्या होत्या की काही ऐकू आलं नाही. मातीची ढेकळं यायला लागली. एक बिरूच्या कानशिलावर बसलं. बिरू तसाच, हात छातीशी धरून, लहान पोरासारखा उभा होता. आबांनी माइक खाली ठेवला, डोक्याचा फेटा सोडला, त्या फेट्यानं बिरूचा हात गळ्यात बांधला आणि त्याला घेऊन मैदानाबाहेर चालत निघाले. लोकांनी वाट दिली, पण कुणी पाया पडलं नाही. ते बघून मला रडू फुटलं. माझ्या बापाला मैदानातून बोडक्या डोक्यानं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजपाल आला. घरी आला, तालमीत नाही. आबा सोप्यात खांबाला टेकून बसले होते. तो दारात थांबला. त्याची दाढी वाढलेली होती, डोळे तांबारलेले.

मी त्याला आत ये म्हटलं नाही. "तुला माहीत होतं?" एवढंच विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"महिनाभर कंपनीत बोलणं चाललं होतं. मालकांनी ते अ‍ॅप पैजेवाल्यांना विकलं. मी भांडत होतो, माला. मला वाटलं होतं, थांबेल."

"आणि चढवणार हे कधी कळलं?"

"परवा. दुपारी."

"परवा दुपारी!" माझा आवाज चढला. "म्हणजे मैदानाच्या आदल्या दिवशी. मग तेव्हाच आबांना का नाही सांगितलंस? एक फोन करता आला नाही? आबांनी बिरूला उतरवलाच नसता. आबा मैदानाला गेलेच नसते. त्यांनी स्वतः माइक घेऊन सगळ्यांना आधी सांगितलं असतं."

तेजपालनं आबांकडं बघितलं. आबा खाली बघत होते, सारवलेल्या जमिनीवर बोटानं काहीतरी रेघ ओढत.

"बोल की," मी म्हटलं. "तुझ्या तोंडाला आता कुलूप का लागलं?"

तो आबांकडंच बघत राहिला. मला त्या बघण्याचा संताप आला. वाटलं, हा माझ्या बापाची दया मागतोय, माझ्याशी बोलायची याची हिंमत नाही.

"माझं चुकलं," तो शेवटी म्हणाला.

"साखरपुडा होणार नाही. तुझ्या आईला सांग, तिची काळजी मिटली."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. त्याच्या आईनं तोवर माझ्यासाठी बांगड्या करायला टाकल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेजपाल आत आला, आबांच्या पायाशी वाकला. आबांचा हात उचलला गेला, त्याच्या पाठीवर जायला निघाला आणि अर्ध्यातच थांबला. मग तो गेला. आमच्या गल्लीतून वळेपर्यंत मी त्याच्याकडं बघत होते. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

पुढं मी स्टोअरला तक्रारी लिहिल्या, वकिलाकडून नोटीस पाठवली. आबांचा फोटो निघाला, मग नाव बदललं. पण अ‍ॅप त्यांचंच राहिलं. ज्याच्या नावावर खातं, त्याचं अ‍ॅप. माझ्याकडं वेबसाइट होती आणि तिथं यायची वाट कुणाला ठाऊक नव्हती. दोन हंगामांनी मीच ती बंद केली. तेजपालनं ती कंपनी सोडली आणि बंगळूरला गेला असं कानावर आलं. मला वाटलं, जास्त पगार मिळाला असेल. त्याचं लग्न झाल्याचंही असंच कुणाकडून तरी कळलं.

बिरूचा खांदा नीट बसलाच नाही. तो आता दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. येता-जाता घरी डोकावतो, आबांचे पाय चेपून जातो. आबा त्यानंतर कुठल्याच मैदानाला गेले नाहीत. यात्रा कमिट्या येऊन हात जोडून गेल्या, चूक आमची म्हणाल्या, पण आबा दारातूनच "बरं, बरं" म्हणून त्यांना वाटेला लावत. तालीम पठ्ठ्यांनी चालवली.

मी मात्र त्याच धंद्यात राहिले. शिकवायचं सोडलं आणि लोकांच्या वेबसाइट स्टोअरवर नेऊन लावायचं काम सुरू केलं. कुणाची शाळा, कुणाची रोपवाटिका, कुणा डॉक्टरचा दवाखाना. माणूस समोर बसला की माझा पहिला प्रश्न असतो, "खातं कुणाच्या नावावर काढायचं?" बहुतेक जण म्हणतात, "तुमच्याच काढा की मॅडम, आम्हाला काय कळतंय." मी काढत नाही. कागदपत्रं गोळा करायला महिना लागला तरी त्यांच्याच नावावर काढायला लावते. लोक मला कटकटी म्हणतात. लग्नाचं विचाराल तर स्थळं आली, मी बघितलीही. जमलं नाही एवढंच.

गेल्या माघात आबांना छातीचा त्रास झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी काम बाजूला ठेवून त्यांच्यापाशीच असे. एका सकाळी त्यांना सोप्यात उन्हाला बसवलं होतं. त्यांच्या पाठीला मी तेल लावत होते. एवढी रुंद पाठ, आता हाडं लागत होती हाताला.

"मालू," ते म्हणाले, "तेजपाल आला हुता."

मला वाटलं, त्यांना भास होतोय. "कधी आबा?"

"सोनज्याच्या मैदानाच्या आदल्या दिशी. दिवस मावळायच्या टायमाला. तू मावशीबरोबर सांगलीला गेली हुतीस, साखरपुड्याची साडी घ्यायला."

माझे हात त्यांच्या पाठीवर तसेच थांबले.

"समदं सांगितलं त्यानं मला. नोकरी सोडून तसाच पुण्याहून आला हुता. म्हणला, आज रात्री सगळ्यांच्या फोनात ते येणार, माझ्यानं थांबंना. वस्ताद, उद्या बिरूची कुस्ती थांबवा. निदान मैदानात आधी सांगून टाका. पाया पडला माझ्या."

"मग?"

"मग काय. माझी मस्ती." आबा थांबले, दम घेतला. "म्हणलं, माझ्या तोंडाकडं बघून नुरा म्हणायची छाती कुणाची हाय? आणि मी माइकवर काय सांगू, की मी पैजंवाला न्हाई म्हणून? ज्ञानू खोतानं आपल्या खरेपणाची दवंडी पिटायची? ही येळ आली माझ्यावर? त्याला म्हणलं, मालूला सांगू नगंस. पोरगी हौसंनं साडी घ्यायला गेलीया. मैदान हू दे, मग बघू. तो ऐकंना, तवा त्याच्या हातात हौद्यातली माती दिली आणि शब्द घेतला."

ऊन सोप्यातून अंगणाकडं सरकलं होतं. गल्लीत कुणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं.

"दुसऱ्या दिवशी मी त्याला एवढं बोलले," मी म्हटलं, "तुम्ही समोर होता, आबा. तुम्ही एक शब्द बोलला असता तर..."

"व्हय."

"का नाही बोललात?"

आबा पाठमोरेच होते, त्यामुळं मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"बिरूला जाणूनबुजून मीच उतरवला हुता. तू माझ्याकडं बघितलं असतंस, तर तुझ्या डोळ्यांत ते दिसलं असतं. तू त्याच्याकडं बघत हुतीस. सगळा राग त्याच्यावर." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला त्या टायमाला बरं वाटलं, मालू. म्हणलं, सुटलो. वाटलं, चार दिवसांनी सांगू, राग निवल्यावर. चार दिवसांचं वरीस झालं. मग त्याचं लगीन झालं. मग काय सांगायचं, आणि कशाला."

मी तेलाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली. मोरीवर हात धुतले, पुन्हा धुतले. रागावावं असं वाटत होतं, पण रागावायला समोर जो माणूस होता त्याला अंगरखाही मी घालून द्यायचा होता. बाहेर येऊन मी तो घातला, बटणं लावली.

"त्याचा नंबर हाय का तुझ्याकडं?" आबांनी विचारलं.

नंबर होता. कधी लावला नव्हता, पण दर नव्या फोनात माझ्याबरोबर आला होता.

"लाव. मी बोलतो."

मी लावला, आवाज मोठा केला आणि फोन आबांच्या हातात दिला. तिकडं पाच-सहा वेळा वाजल्यावर त्याचा आवाज आला, थोडा जाड झालेला, पण तोच.

"हॅलो?"

"तेजपाल, मी वस्ताद बोलतोय. माळेवडीचा."

पलीकडं लांबून कुकरची शिट्टी ऐकू आली, कुणीतरी बाई कुणाला तरी हाक मारत होती.

"वस्ताद, तब्येत बरी आहे ना?"

"हाय आपली. तेजपाल, मी तिला सांगितलं रं. आज सांगितलं."

 मग तो हळूच म्हणाला, "कशाला सांगितलंत, वस्ताद? आता कशाला?"

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. "शब्दाचा पक्का निघालास," ते म्हणाले. "माझा एकबी पठ्ठ्या तुझ्यावाणी निघाला न्हाई."

 थांबत, चाचरत तेजपालनं विचारलं, "ती आहे का तिथं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं.  माझ्या मनात हजार गोष्टी आल्या आणि त्यांतली एकही आता कुणाच्या उपयोगाची नव्हती. मी नाही म्हणून मान हलवली.

आबा म्हणाले, "न्हाई बाबा. कामाला गेलीया."